एकपानी जोड

आमच्या ह्यांले लोक लबाड म्हणत. म्हणोत बापडे. मी घरातली, मी तं तोंडावर म्हणत होती. पण लबाडी-लबाडीत फरक असते बापा. कोणी तराजूत करते, कोणी जिभेनं करते, आमचे हे हातानं करत, अन् तेबी समोरच्यानं 'करा, करा' म्हणल्यावर. पण एका गोष्टीनंतर त्यांनी मरेपर्यंत गंजिफाच्या पानाले हात लावला नाई. लोकाइनं त्याचे भलते भलते अर्थ काढले. कोणी म्हणे नवस केला, कोणी म्हणे बोटं वाकडी झाली. बोटं काही वाकडी झाली नव्हती, शेवटपर्यंत मले सुईत दोरा ओवून देत. खरं काय झालं ते मले माहीत हाये, अन् मी ते सांगून राहिली.

नाव मी घेत नाई त्यांचं. माह्या नाकात हे जे लोंबून राहिलं त्याच्यापुढं जी लावा, झालं नाव. अकोल्यात गंजिफावाले म्हणलं की लेकरू बी आमचं घर दाखवत होतं.

आता गंजिफा कोणाले माहीत? गोल पानं असत, रुपयापेक्षा मोठी, कागदाच्या थरावर थर चिकटवून केलेली, वरून रंग अन् लाख. दहा अवतारांची दहा घरं, एकेका घरात एक राजा, एक प्रधान अन् बाकीचे हलके, अशी सगळी पानं मिळून एक जोड. दिवसा खेळाले बसलं तं राम मोठा, दिवा लागला की कृष्ण मोठा. घरोघर खेळत होते लोक. आमचे हे मात्र खेळत नव्हते, खेळवत होते. हातभर अंतरावर मांडी घालून बसत, डमरू नाई, मंतर नाई, राखेचं बोट नाई. 'ओढा पान' म्हणत. तुमी ओढलं, पाह्यलं, परत घातलं, की हे तुमच्याच मांडीखालून तेच पान काढून देत. माणूस आपली मांडी तपासत बसे.

कापसाच्या तेजीची सालं होती ती. सातासमुद्रापलीकडं कुठंशी लढाई लागली, तिकडचा कापूस बंद पडला, म्हून साहेबाले आमच्या काळ्या मातीतला कापूस गोड लागाले लागला. ज्याच्या पायात जोडा नव्हता त्याच्या बैलाच्या शिंगाले चांदीच्या शेंब्या आल्या. अमरावतीच्या बाजारात दलाल अन् शेठ भाव फुटायची वाट पाहत दिवस दिवस गाठींवर बसून राहत. रिकामा माणूस अन् त्याच्या खिशात पैसा, याच्यापेक्षा चांगलं गिऱ्हाईक जादूवाल्याले कोणतं? ह्यांचं मस्त चाललं. पण शेठ लोक हुशार झाले. रोज पाहून पाहून बोटाकडंच नजर ठेवाले लागले. तवा हे म्हणाले, आता हातापेक्षा पान हुशार पाहिजे.

म्हून आमी बाळापूरले गेलो, इनायतुल्लाकडं. कागद करणारं घराणं त्याचं, अन् त्याच्या हातासारखा रंगाचा हात वऱ्हाडात नव्हता. बोलला तं कमी, केलं तं नीट, असा माणूस. त्याची बायको कुलसुमबी, तिनं मले गुळपाणी दिलं अन् आमी दोघी ओसरीवर बसून गंमत पाहत होतो. इनायतुल्लानं तीन जोडी ठेवल्या पुढं. पारख करायची तं कोणीतरी अडाणी पान ओढणारं पाहिजे, म्हून ह्यांनी मले बोलावलं. घरचं गाढव फुकट.

पहिली जोड खुणेची. पाठीवरच्या लाल लाखेत केसाएवढी रेघ, ती कुठं हाये त्याच्यावरून पान वळखायचं. मी ओढलं, ह्यांनी वळखलं. मंग ते उठून घरात अंधारात जाऊन बसले अन् म्हणाले, आता ओढ. वळखता आलं नाई. "इनायतभाई, ही अंगणातली जोड हाये," ते म्हणाले. "दुकानावर कापडाचं पाल टाकलेलं असते, खाली सावली. मले रेघ दिसाची नाई अन् शेठले माह्ये बारीक केलेले डोळे दिसतीन."

दुसरी आखूड पानाची. हिच्यात निम्मी पानं न्यारी न्यारी, अन् निम्मी एकच, रामाचा राजा. ही रामाची पानं बाकीच्याहून नखभर लहान, अन् एकाआड एक लावलेली. अंगठ्यानं सरसर सोडली तं सगळे अवतार दिसून जात, कोणाले संशय नाई. अन् बोटानं मधात कापली की दर खेपेले राम. ह्यांनी मले पाचपन्नास खेपा ओढाले लावलं. मी कंटाळली, पण राम काही कंटाळला नाई. हे खूष झाले. "दिवसाच बसतो मी बाजारात, दिवसा रामच मोठा. चांगलं पान निवडलं भाई तुमी."

तिसरी जोड इनायतुल्लानं सगळ्यात शेवटी काढली. एकपानी. सगळीच्या सगळी रामाचा राजा. निळं अंग, हातात धनुष्य, मागं लाल जमीन, अन् सगळ्यांचे डोळे ओढणाऱ्याकडं लागलेले. मी एक उलटं केलं, दुसरं केलं, तिसरं केलं, अन् मले कसंतरीच झालं. एकाच माणसानं घरभर उभं राहावं तसं वाटलं.

"ही काय कामाची?" हे म्हणाले. "पालथीच ठेवा लागते. एखादा म्हणन, दाखव तुह्यी पानं, की संपलं. ही अनाड्याची जोड."

"राहू द्या गंजिफावाले," इनायतुल्ला म्हणाला. "आखूड जोडीसाठी राम काढत बसलो, हात थांबलाच नाई. इथं पडून राहण्यापेक्षा तुमच्या घरी पडली तं पडली."

अशी ती आमच्या घरी आली. शिंक्याखालच्या टोपलीत गेली. मी म्हणलं उगाच भार, तं म्हणाले, तुले खाऊन राहिली का ती?

आखूड जोडीनं अमरावतीत धूम केली. शेठ म्हणे पानं दाखव, हे सरसर दाखवत. शेठ म्हणे आता ओढतो, की राम. लोकाइले वाटाले लागलं की ह्यांच्यापाशी काही सिद्धी हाये. हे हसत अन् 'नाई हो' म्हणत, पण असे म्हणत की समोरच्याले 'हो' ऐकू यावं. जादूवाल्याचा धंदाच तो.

त्याच सालच्या हिवाळ्यात हिवरखेडचा सूर्यभान आमच्या दारात आला, बहिणीले घेऊन. जयवंता नाव तिचं. वय ते काय, अंगावर अजून हळदीचा पिवळेपणा असावा असं. नवरा कापसाची बंडी घेऊन खानदेशात गेला होता, कारण आगगाडी तवा तिथपर्यंतच आली होती. परगावच्या बंड्यांच्या तांड्यासंगं गेला अन् परत आले ते बैल. एकटे. संध्याकाळी दारात येऊन उभे राह्यले, मानेवर जू, मागं रिकामी बंडी, अन् कासरा बंडीच्या खुंटाले नीट गुंडाळलेला. सूर्यभान हे सांगत होता अन् माह्या अंगावर काटा येत होता. बैल चुकून येते, मान्य. पण कासरा कोण गुंडाळते? तवापासून वरीस होऊन गेलं. दिवस कलला की ते बैल गोठ्यात उठून उभे राहत अन् रस्त्याकडं तोंड करत, अन् जयवंता म्हणे, पाह्य, घंटा वाजून राहिली. बाकी कोणाले ऐकू येत नव्हती.

सूर्यभाननं ह्यांले बाजूले घेतलं. बार्शीटाकळीचा खुशालराव तिच्यासंगं पाटाचं दुसरं लगन लावाले तयार होता. बायको मेलेला, पण चांगला माणूस, शब्द वर न करणारा. जयवंता ऐकेना. शेवटी तिनंच म्हणलं होतं, देवाचं पान काढू. थे नाई येणार असं निघालं तं मी पाटाले उभी राहीन. "तं भाऊ," सूर्यभान म्हणाला, "एखादं वाईट पान काढा. तिचं एकदाचं सुटन."

हे घरात आले अन् शिंक्याखाली बसले. मी म्हणलं, घरची सरळ जोड घ्या, बिनलबाडीची, देव देईन ते देईन. ते म्हणाले, "वराह निघाला तं काय सांगू तिले? कच्छ निघाला तं?" मी म्हणलं मंग आखूड घ्या. "तिचा हात पाह्यला का तू? लटलट कापून राहिला. तो कुठंबी पडन. आखूड जोड धीराच्या माणसाले." अन् त्यांनी टोपली पुढं ओढली.

"तिचा भाऊ तं वाईट पान मागून राहिला," मी म्हणलं.

"तिच्या भावानं तिचं तोंड पाह्यलं नाई का?" ते म्हणाले. "वाईट पान हातात घेऊन ती इथून उठन का? चार महिने आशेवर काढू दे. माणूस आला नाई की आशा आपोआप निवते. तवा पाट लागन, अन् रडू बी कमी येईन." मले ते पटलं. आजबी सांगून राहिली, मले पटलं होतं. दुसऱ्याच्या दुःखाचं माप माणूस आपल्या पायलीनं करते.

दुपार होती. जयवंता समोर बसली. ह्यांनी रीतीप्रमाणं विचारलं, "नवऱ्याचं नाव काय बाई?" तिनं मान खाली घातली. आता कोणती बायको नवऱ्याचं नाव घेईन? सूर्यभान बाहेर बैलं पाहाले गेला होता, अन् तो सगळा वेळ आमचे जवाई, आमचे जवाई म्हणत होता. ह्यांनी सोडून दिलं. नावाशी त्यांले करायचं काय होतं? पान तं ठरलेलंच होतं.

तिनं हात पुढं केला. अगदी कडेचं, खालचं पान ओढलं, आखूड जोड असती तं फजितीच होती. उलटं केलं अन् पाहतच राह्यली. आधी तोंड पांढरं पडलं, मंग कानापर्यंत लाल झालं.

"रामराजे निघाले," हे म्हणाले. "दिवसाचे मोठे मानकरी. वनवास संपवून घरी आलेले."

तिनं पान छातीशी धरलं. हळूच इचारलं, "थेच निघाले ना?"

"हो बाई, थेच."

तिनं दुसरं काही इचारलं नाई. ह्यांच्या पायावर डोकं ठेवलं अन् गेली. सूर्यभाननं जाताना ह्यांच्याकडं अशा नजरेनं पाह्यलं की मी दार लोटून घेतलं.

तिथून आमच्या घराची झोप गेली. आधी मले कळलं नाई. हे बाजारातून लवकर येत, अन् दाराकडं पाठ करून बसत नव्हते. एक दिवस म्हणाले, सरळ जोड आण, पान ओढ. ती आपली घरची जुनी जोड, तिच्यात काही खोटं नाई. मी ओढलं. राम. पिसली, परत ओढलं. राम. मी हसली, म्हणलं सवय लागली हाताले. ते हसले नाई. त्यांनी ओढलं तरी राम. दिवे लागले होते तवा, कृष्णाची वेळ होती. त्यांनी जोड डबीत घातली अन् डबी मले लपवाले सांगतली.

मंग त्यांनी मले तो माणूस सांगतला. बाजारात शेठ लोकांच्या मागं एक माणूस उभा राहते, डोक्यावरून घोंगडी, पान कधी ओढत नाई. ह्यांनी एक खेप त्याले म्हणलं, या ना पुढं, ओढा. शेठ म्हणाले, गंजिफावाले, कोणाले बोलावून राहिले? मागं तं गाठीच होत्या. "पाय घोट्यापर्यंत ओले होते त्याचे," हे मले म्हणाले, "अन् बाजारात तं धूळ उडून राहिली होती." मी म्हणलं ऊन लागलं तुमाले, कांदा ठेवा खिशात. पण दिवस कलला की आमच्या गल्लीत, जिथं बंडी वळत बी नाई, तिथं मले बैलाच्या घंटा ऐकू येत. मी ह्यांले सांगतलं नाई. त्यांनी मले इचारलं नाई. दोघंबी खाली मान घालून भाकर खात होतो.

चार महिने गेले, आठ गेले, पुढचा हिवाळा आला. जयवंताची आशा काही निवली नाई. तिनं पाट मोडला होता. रोज दोन माणसाचं रांधे अन् एकाचं बैलाले घाले. खुशालराव तरी थांबला होता बिचारा.

त्या हिवाळ्यात अमरावतीत पातूरचा एक बंडीवाला ह्यांच्यापुढं बसला. शेठांनीच चेष्टेनं बसवला, ओढ म्हणे, तुले बी राम दिसन. त्यानं ओढलं. राम. सगळे हसले, तो हसला नाई. पान पाहत म्हणाला, "आमच्या तांड्यात होता एक. रामजी. हिवरखेडचा. कापूस टाकून परतताना नदी उतरलो अन् काठावरच त्याले पटकी झाली. ओल्या पायानंच गेला तो, धोतर सुकलं नव्हतं. तांडा भिऊन पुढं पळाला. मीच अग्नी दिला. बैल हलेनात त्याच्यापासून, म्हून कासरा गुंडाळला अन् घरच्या वाटेले लावले. त्याच्या घरी जाऊन सांगायचा धीर काही झाला नाई."

ह्यांच्या हातून जोड खाली पडली. शेठांच्या पुढं, सतरंजीवर, निम्मे राम उताणे. धंदा तिथंच बुडाला, पण त्यांचं तिकडं ध्यान बी नव्हतं. ते मले घरी येऊन एवढंच म्हणाले, "पार्बता, त्याचं नाव रामजी होतं." मले आधी समजलं नाई. मंग समजलं. थेच निघाले ना, असं ती म्हणली होती. आमी देव समजलो. ती नवऱ्याचं इचारत होती. अन् ह्यांनी तोंडानं सांगतलं होतं, हो बाई, थेच.

दुसऱ्या दिवशी आमी हिवरखेडले गेलो. ह्यांनी एकपानी जोड संगं घेतली. म्हणाले, नुसतं सांगून तिले पटणार नाई, लबाडी डोळ्यानं दाखवा लागन. जादूवाल्यानं आपली जोड उघडून दाखवणं म्हणजे काय असते ते तुमाले कळायचं नाई. नागवं होणं बरं. पण ह्यांनी ठरवलं होतं. त्या पोरीले मोकळं करायचं, बाकी जे होईन ते होईन.

सूर्यभाननं खुशालरावालेबी बोलावून घेतलं. तो पागोटं मांडीवर घेऊन ओट्यावर बसला. जयवंता दाराशी आली. वाळून काडी झाली होती, पण तोंडावर काय तेज होतं, मले पाहवेना.

ह्यांनी सगळं सांगतलं. नदीचा काठ, पटकी, अग्नी, कासरा. एकबी शब्द लपवला नाई. सूर्यभान रडाले लागला. खुशालरावानं मान खाली घातली. जयवंता उभीच होती.

"कोणी सांगतलं?" तिनं इचारलं.

"अग्नी देणाऱ्यानं सांगतलं बाई."

"परक्या माणसाचं खरं," ती म्हणली, "अन् त्यायनं सोता पानात येऊन सांगतलं ते खोटं?"

"ते कोणी सांगतलंच नव्हतं वं माय," हे म्हणाले. "मी लबाड माणूस हावो. ती माह्यी लबाडी होती. हे पाह्य." अन् त्यांनी डबी ओट्यावर उपडी केली.

गोल गोल लाल पाठी सगळीकडं पसरल्या. जयवंता खाली बसली. एक पान उलटं केलं. राम. दुसरं केलं. राम. मी मनात म्हणत होती, आता रडन, आता ह्यांच्या अंगावर धावन, धावू दे. ती घाई करत नव्हती. एकेक पान उलटं करून शेजारी नीट ठेवत होती, पदरानं धूळ पुसून. ओटा भरला. निळे निळे सगळे, अन् सगळ्यांचे डोळे तिच्याकडं.

शेवटचं पान उलटं करून तिनं वर पाह्यलं. डोळ्यात पाणी होतं, पण ते दुःखाचं नव्हतं.

"भाऊ," ती ह्यांले म्हणली, "इतक्या खेपा थे सांगून राहिले होते, अन् तुमी मले एकच खेप सांगतलं?"

तिनं सगळी पानं पदरात भरली अन् घरात घेऊन गेली. खुशालरावानं पागोटं बांधलं, सूर्यभानच्या खांद्यावर हात ठेवला, अन् आपली बंडी जुपाले निघाला. ह्यांच्या हातात रिकामी डबी होती. मी म्हणलं, जा ना आत, समजावून सांगा तिले अजून एकदा.

"काय सांगू?" ते म्हणाले. "खरं तं सांगून झालं."